वाचकांचे प्रश्न : खाणमालक ते मुख्यमंत्री – भाऊसाहेब बांदोडकर

मागील अंकातील गोव्याच्या विधानसभेवरील लेखात दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा उल्लेख ‘खाणमालक आणि पहिले मुख्यमंत्री’ एवढ्यावरच आटोपला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी हा एवढासा उल्लेख अपुरा ठरवला आहे आणि तो अपुरा होता हे खरेच. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांच्याविषयीच्या प्रश्नांसाठी ठेवले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (सावंतवाडी) : लोहखनिजाच्या धंद्यात पैसा कमावलेला माणूस गोवा मुक्त झाल्यावर अवघ्या दोन वर्षांत मुख्यमंत्री झाला. हे पैशाच्या बळावर झाले, असे म्हणावे काय?

उत्तर : पैसा होता, तो खर्चही झाला, पण केवळ त्याच्या बळावर हे घडले असे मानले तर पुढचे काहीच उलगडत नाही. १९६३ साली गोव्यात बांदोडकरांपेक्षा मोठ्या खाणी, जहाजे आणि पेढ्या असलेली घराणी होती. मुंबई-दिल्लीपर्यंत ज्यांचे हात पोचत होते अशी माणसे होती. पैसा निर्णायक असता तर सत्ता त्यांच्या हाती गेली असती.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. तेरेखोल नदीच्या पलीकडे सावंतवाडी संस्थानाची हद्द आणि अलीकडे पोर्तुगीज सत्तेचा शेवटचा महाल, अशी पेडण्याची जागा. हा भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, धर्मांतर, पोर्तुगीज शिक्षण आणि सरकारी नोकऱ्या यांची जी घडी बसली होती ती पेडण्यासारख्या नव्या काबिजादीत, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखात, तशी बसली नव्हती. तेथील बहुसंख्य हिंदू कष्टकरी समाजाचे देवळाशी, भजनाशी, दशावताराशी आणि मराठी पोथ्यांशी नाते होते, पण जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, आणि कचेरी परक्या भाषेची होती. बांदोडकर ज्या गोमंतक मराठा समाजात जन्मले त्या समाजाला देवस्थानांच्या व्यवस्थेत शतकानुशतके हीन लेखले गेले होते. गाणे आणि नृत्य यांची मोठी परंपरा सांभाळणाऱ्या या समाजाला प्रतिष्ठा मात्र नाकारली गेली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत समाजाने संघटना उभारून स्वतःच्या उन्नतीची चळवळ चालवली आणि त्याच काळात भाऊसाहेब वाढले. उच्च शिक्षण त्यांच्या वाट्याला आले नाही. छोट्या व्यापारापासून सुरुवात करून ते पुढे आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप आणि जपान यांना पोलाद हवे होते, पोलादासाठी खनिज हवे होते आणि गोव्याच्या डिचोली-सत्तरी-सांगे पट्ट्यात ते जमिनीच्या वरच्या थरांतच मिळत होते. पोर्तुगीज सरकारने दिलेल्या खाण-सवलती ज्यांच्या हाती होत्या त्यांचे भाग्य दहा-पंधरा वर्षांत पालटले. सुरुवातीला पहार, घमेले आणि डोक्यावरच्या टोपल्या यांवर चालणारे काम हळूहळू ट्रकांवर आणि यंत्रांवर गेले. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून खनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे जाऊ लागल्या. या भरभराटीत पुढे आलेल्या मोजक्या लोकांत बांदोडकर होते, फरक एवढाच की त्यांच्यामागे जमीनदारी नव्हती, पिढीजात सावकारी नव्हती आणि जातीची प्रतिष्ठाही नव्हती.

माझ्या मते उत्तराचा गाभा येथे आहे. देवळाचा जीर्णोद्धार, गावातील मराठी शाळेचे भाडे, एखाद्या मुलाची मुंबईतील फी, आजाऱ्याच्या औषधाचा खर्च, भजनी मंडळाची किंवा नाटकाची मदत या वाटांनी त्यांचा पैसा गावोगाव गेला आणि तो निवडणुकीची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधीपासून जात होता. देणारा आपल्यातलाच आहे ही भावना त्याबरोबर गेली. भाटकाराच्या दारात वहाणा काढून उभे राहावे लागणाऱ्या कुळाला आणि मुंडकाराला आपल्याच थरातून वर आलेला, भाटकाराच्या बरोबरीने बसू शकणारा माणूस दिसला. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा आणि त्या बदल्यात त्याची बांधिलकी पत्करणारा माणूस. घर त्याचे असले तरी घराखालची जमीन त्याची नव्हती, हे ध्यानात घेतल्याशिवाय बांदोडकरांच्या लोकप्रियतेचा उलगडा होत नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. देशभर जिंकणारी काँग्रेस येथेही सहज जिंकेल असा समज होता. पण गोव्यातील काँग्रेसची उमेदवारी आणि पुढारपण यांवर जुन्या प्रतिष्ठितांची छाप होती आणि ज्यांना प्रथमच मत मिळाले होते त्यांना ती ओळखू येत होती. १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने दोन गोष्टी एकत्र गुंफल्या, महाराष्ट्रात विलीनीकरण आणि बहुजन समाजाचे राज्य. ९ डिसेंबर १९६३ रोजी तीस जागांसाठी मतदान झाले. ‘सिंह’ चिन्हावर मगो पक्षाला चौदा जागा मिळाल्या, त्याच्या सोबतच्या प्रजासमाजवादी पक्षाला दोन, तर विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिकेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा. काँग्रेसला एकच जागा मिळाली आणि तीही दमणमध्ये, प्रत्यक्ष गोव्याच्या भूमीवर एकही नाही. २० डिसेंबर रोजी भाऊसाहेबांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

प्रश्न (कुडाळ) : त्यांनी ती पहिली निवडणूक स्वतः लढवलीच नव्हती, असे ऐकले. खरे काय?

उत्तर : खरे आहे. पक्ष त्यांनी उभा केला, प्रचाराचा भार वाहिला, पण सर्वसाधारण निवडणुकीत ते उमेदवार नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर ते मडकई मतदारसंघातून पोटनिवडणुकीत निवडून आले. त्यांच्या पहिल्या मंत्रिमंडळात त्यांच्यासह तिघेच होते. विठ्ठल करमली आणि टोनी फर्नांडिस हे दुसरे दोघे. विलीनीकरणवादी पक्षाच्या पहिल्याच मंत्रिमंडळात एक ख्रिस्ती मंत्री होता, ही गोष्ट त्या काळातील धार्मिक तेढीच्या वर्णनांत बहुधा वगळली जाते.

प्रश्न (ठाणे) : माझे आजोबा १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी गिरगावात राहत होते आणि ‘आम्हां मुंबईच्या गोवेकरांना मत दिले असते तर निकाल फिरला असता’ असे अखेरपर्यंत म्हणत. जनमत कौलात पक्षाचा मूळ मुद्दाच पराभूत झाल्यावर बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री कसे होऊ शकले?

उत्तर : या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बांदोडकरांचे राजकारण नेमके कशावर उभे होते याचा उलगडा १९६७ च्या पहिल्या तीन महिन्यांत होतो.

१९६३ चा निकाल म्हणजे विलीनीकरणाला मिळालेला कौल, अशी मगो पक्षाची आणि महाराष्ट्रातील नेत्यांची भूमिका होती. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठरावही संमत केला. युनायटेड गोवन्स पक्षाने हा अर्थ अमान्य केला. साध्या निवडणुकीत लोक अनेक गोष्टींसाठी मत देतात, म्हणून राज्याचे अस्तित्व मिटवण्याचा प्रश्न लोकांपुढे स्वतंत्रपणे ठेवा, असे त्यांचे म्हणणे. अखेर संसदेने १९६६ साली जनमत कौलाचा कायदा केला. मुख्यमंत्रिपदी बांदोडकर असताना मतदान निष्पक्ष होणार नाही, ही विरोधकांची तक्रार होती. २ डिसेंबर १९६६ रोजी त्यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले.

मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि संघप्रदेशासाठी, म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्यासाठी, ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही प्रश्न समजावा यासाठी ती दिली गेली. गोव्यात प्रत्यक्ष राहणाऱ्यांनाच मताचा अधिकार होता. आपल्या आजोबांची खंत मुंबईतील पुष्कळ गोवेकरांची होती आणि तशी मागणीही झाली होती, पण ती मान्य झाली नाही. मात्र मुंबईच्या गोवेकरांत विलीनीकरणाचे जसे समर्थक होते तसेच विरोधकही होते. धोबीतलाव आणि माझगावच्या ‘कुडां’तून, म्हणजे गोव्यातील गावागावांच्या सामायिक निवासांतून, राहणारे ख्रिस्ती गोवेकर मोठ्या संख्येने मुंबईतच होते. त्यांची मते कोणत्या बाजूने गेली असती हेही हिशेबात धरावे लागेल.

मतमोजणी तीन दिवस चालली. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, म्हणजे फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांतून फुलाला भरघोस मते मिळाली, तर सासष्टीने दोन पानांना एवढी आघाडी दिली की ती भरून निघणे अशक्य झाले. परंतु हा निकाल केवळ ख्रिस्ती मतांचा होता असे सांगणे आकड्यांशी सुसंगत नाही. त्या काळी गोवा, दमण व दीवच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाज सुमारे छत्तीस टक्के होता आणि संघप्रदेशाला पडलेल्या मतांचे प्रमाण, बाद मतेही हिशेबात धरली तरी, चोपन्न टक्के आहे. याचा अर्थ, १९६३ साली सिंहावर शिक्का मारणाऱ्या हिंदू मतदारांपैकी काहींनी १९६७ साली फुलावर शिक्का मारला नाही.

त्यांनी असे का केले, याची कारणे रोजच्या जगण्यात शोधावी लागतात. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. गोव्यात माडाची सूर काढणारे रेंदेर आणि काजूची फेणी गाळणारे यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्यामुळे उभा राहत होता. प्रशासनात महाराष्ट्रातून आणि अन्य राज्यांतून प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले होते आणि शिकलेल्या गोमंतकीय तरुणाला त्यात आपल्या नोकरीची वाट अडलेली दिसत होती. त्याहून महत्त्वाचे असे की, पणजीत स्वतःचे सरकार म्हणजे काय याचा अनुभव लोकांना तीन वर्षे आला होता. मंत्र्याला भेटण्यासाठी पेडण्याहून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतत होता. विलीनीकरणानंतर तोच माणूस मुंबईच्या सचिवालयाच्या कोणत्या मजल्यावर जाऊन उभा राहणार होता? बांदोडकरांनी बहुजन समाजाला स्वतःच्या सत्तेची सवय लावली आणि त्या सवयीनेच त्यांच्या विलीनीकरणाच्या मागणीतला जोर काढून घेतला, असे माझे मत आहे. हे मत सर्वांना पटेल असा माझा आग्रह नाही, पण पुढे मार्चमध्ये जे घडले त्याची संगती दुसऱ्या कोणत्याही प्रकारे नीट लागत नाही.

त्या महिन्यात विधानसभेची निवडणूक झाली. ज्या मतदारांनी दोन महिन्यांपूर्वी मगो पक्षाचा मुख्य कार्यक्रम नाकारला होता त्यांनीच त्या पक्षाला सोळा जागा दिल्या, आधीपेक्षा दोन अधिक. युनायटेड गोवन्स पक्ष बारांवरच राहिला. ५ एप्रिल १९६७ रोजी भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांना विलीनीकरण नको होते, पण बांदोडकर हवे होते. त्यांनीही निकाल मान्य केला. स्वतःच्या पक्षाच्या नावातच ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्द असलेल्या नेत्याने त्या पराभवानंतर गोव्याच्या स्वतंत्र प्रशासनाचा गाडा आणखी सहा वर्षे निष्ठेने ओढला, यासाठी त्यांच्या विरोधकांनीही त्यांना दाद द्यायला हवी. १९७२ मध्ये तर त्यांच्या पक्षाला अठरा जागा मिळाल्या.

प्रश्न (फोंडा) : ‘भाऊंनी गावागावांत शाळा काढल्या’ हे आमच्याकडे प्रत्येक जण सांगतो. हा गौरवाचा भाग सोडला तर प्रत्यक्ष काय झाले? आणि मराठी शाळा काढून त्यांनी कोकणीवर अन्याय केला, या आरोपाचे काय?

उत्तर : गौरवाचा भाग सोडला तरी जे उरते ते मोठे आहे. पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षणाचे माध्यम पोर्तुगीज होते आणि त्याचे शिखर म्हणजे पणजीचे लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय. मराठी शिक्षण गावकऱ्यांनी, देवस्थानांनी आणि खासगी संस्थांनी वर्गणी काढून चालवलेल्या शाळांवर अवलंबून होते. गुरुजींचा पगार धान्याच्या रूपाने गोळा होत असे, वर्ग देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या पडवीत भरत. जेथे असा उत्साही गावकरी नव्हता तेथे शाळाच नव्हती. मुक्तीनंतर आणि विशेषतः बांदोडकर सरकारच्या काळात सरकारी प्राथमिक शाळा सत्तरी, सांगे, काणकोण यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील लहान वाड्यांपर्यंत पोचल्या. १९६१ च्या जनगणनेत गोवा, दमण व दीवमधील साक्षरता सुमारे एकतीस टक्के होती. १९७१ मध्ये ती सुमारे पंचेचाळीस टक्क्यांवर गेली. या वाढीचे सारे श्रेय एका माणसाला देता येत नाही, कारण केंद्राचा पैसा होता, कामाची सुरुवात मुक्तीनंतरच्या प्रशासनाने केली होती आणि शिकण्याची भूक लोकांतच होती. तरीही मंत्रालयातील फाइलपेक्षा वाडीवरची शाळा महत्त्वाची मानणारा मुख्यमंत्री त्या वेळी लाभला, याने फरक पडलाच.

एका पिढीत काय बदलले ते पाहायचे असेल तर डिचोली किंवा पेडणे तालुक्यातील एखाद्या घरातील जुने कागद पाहावेत. आजोबांच्या नावापुढे जमिनीच्या दस्तावर अंगठ्याचा ठसा असतो आणि त्यांच्या नातवाच्या हाती सरकारी नोकरीचे नेमणूकपत्र असते. अशी घरे अपवादात्मक नाहीत. गोव्यातील आजच्या शिक्षक, लिपिक, परिचारिका आणि अधिकारी वर्गातील फार मोठा भाग त्या शाळांतून वर आला आहे. तांत्रिक शिक्षणाकडेही त्या काळात लक्ष दिले गेले. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ मधील आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या कला अकादमीचे ते पहिले अध्यक्ष होते. क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही खेळांचे ते चाहते होते आणि त्यांच्या नावाच्या सुवर्णचषकाच्या फुटबॉल स्पर्धेने गोव्याच्या मैदानावर परदेशी संघ आणले.

आता कोकणीविषयी. त्या सरकारने मराठी शाळांना प्राधान्य दिले आणि कोकणीला स्वतंत्र भाषेचे स्थान देण्याची त्या पक्षाची तयारी नव्हती, ही वस्तुस्थिती आहे. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला शाळेत मराठी शिकावी लागली, ही टीका कोकणीच्या कार्यकर्त्यांनी तेव्हाही केली आणि ती गैरलागू म्हणून झटकून टाकता येणार नाही. दुसऱ्या बाजूला, त्या गावांतील पालकांनी शतकानुशतके कीर्तनाची, पोथीची आणि पत्रव्यवहाराची भाषा म्हणून मराठीच जवळ केली होती आणि शाळा मागताना त्यांनी मराठी शाळाच मागितली. सरकारने लोकांच्या मागणीला प्रतिसाद दिला, हेही तितकेच खरे. मराठी वाचकांनी बांदोडकरांविषयी प्रेम बाळगताना कोकणीच्या बाजूची ही वेदना समजून घ्यावी, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्या भाषेला गोव्याची राजभाषा होण्यासाठी १९८७ पर्यंत वाट पाहावी लागली.

प्रश्न (कोल्हापूर) : स्वतः खाणमालक असलेला मुख्यमंत्री खाण उद्योगाच्या बाबतीत निष्पक्ष राहू शकतो काय? बांदोडकरांच्या बाबतीत काय दिसते?

उत्तर : प्रश्न योग्य आहे आणि तो बांदोडकरांच्या चाहत्यांनी स्वतःला विचारलाच पाहिजे. त्यांच्या सरकारने १९६४ मध्ये शेती कूळकायदा आणला. खंडावर, म्हणजे कुळाने भाटकाराला द्यायच्या मोबदल्यावर, मर्यादा आली, मनमानी पद्धतीने कुळाला जमिनीवरून हुसकावणे अवघड झाले, कुळाच्या ताब्याला कायद्याने आधार मिळाला. कूळ आणि भाटकार यांच्या संबंधांत सरकारने प्रथमच कुळाच्या बाजूने हात घातला. भाटकारांची नाराजी त्यांनी पत्करली, आणि त्यांत हिंदू आणि ख्रिस्ती असे दोन्ही समाजांचे भाटकार होते.

खाणींच्या बाबतीत असे काही घडले नाही. पोर्तुगिजांनी दिलेल्या खाण-सवलती मुदतीच्या बंधनाशिवाय दिलेल्या होत्या. त्या सवलती रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने १९८७ साली केला, म्हणजे भाऊसाहेबांच्या निधनानंतर चौदा वर्षांनी. खनिजांचा विषय प्रामुख्याने केंद्राच्या अखत्यारीत होता आणि संघप्रदेशाच्या मुख्यमंत्र्याला या सवलतींना एकट्याने हात लावता आला नसता, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण त्यासाठी दिल्लीकडे आग्रह धरता आला असता. जमीनदाराविरुद्ध जी धडाडी दिसली ती खनिज-संपत्तीवर समाजाचा हक्क सांगताना दिसली नाही, हे मला मान्य करावे लागते. त्यामागे केवळ स्वार्थ होता असा निष्कर्ष मी काढत नाही. त्या काळी खाण म्हणजे गोव्याला परकीय चलन देणारा, ट्रकचालकापासून बार्जीवरच्या खलाशापर्यंत हजारोंना रोजगार देणारा उद्योग, अशीच सर्वपक्षीय समजूत होती. खाणीच्या मातीने भातशेती गाळाने भरते, विहिरी आटतात, या तक्रारींना सार्वजनिक बळ पुढे मिळाले. पण ज्या डिचोली-सत्तरीच्या कुळांसाठी भाऊसाहेब झटले, त्यांच्याच शेतांच्या उशाशी खनिजाचे ढिगारे उभे राहिले, हे सत्य त्यांच्या चरित्राच्या कोणत्याही प्रामाणिक लेखनात आले पाहिजे.

प्रश्न (पुणे) : त्यांच्या कामाची पद्धत धंद्यातील मालकासारखी होती, पक्षात दुसऱ्या कोणाला वाव नव्हता, असे वाचले आहे.

उत्तर : हे बऱ्याच अंशी खरे आहे. लोकांना ते सहज भेटत, अर्ज हातात घेऊन तेथल्या तेथे निर्णय देत आणि अधिकाऱ्याला बोलावून काम मार्गी लावत. गरजूला यापरते काय हवे? धंद्यात ज्याने स्वतःच्या शब्दावर व्यवहार केले त्याला नियमपुस्तकाचा संथपणा रुचत नाही. याची दुसरी बाजू पक्षात दिसली. मंत्री आणि आमदार यांना विश्वासात घेऊन निर्णय करण्याची यंत्रणा उभी राहिली नाही आणि १९७० मध्ये त्यांच्याच पक्षातील आमदारांच्या एका गटाने बंड केले. सरकार त्या वेळी विरोधी बाकांवरील काही आमदारांच्या मदतीने टिकले. १९७२ च्या निवडणुकीत मतदारांनी भाऊसाहेबांच्याच बाजूने निर्णय दिला, पण बंड का झाले या प्रश्नाचे उत्तर पक्षाने कधी शोधले नाही.

प्रश्न (म्हापसा) : त्यांच्या निधनानंतर पक्षाचे आणि त्यांच्या कामाचे काय झाले?

उत्तर : १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय बासष्ट. पणजीजवळ मिरामार येथे समुद्रकिनारी त्यांची समाधी आहे. लगोलग त्यांची कन्या शशिकला काकोडकर यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे घेतली. त्या आधीपासून आमदार होत्या आणि राजकारणाला नवख्या नव्हत्या, तरी पक्षाला दुसरे नाव सुचले नाही, यातून वर सांगितलेल्या उणिवेचा पुरावाच मिळतो.

असे असले तरी शशिकलाताईंच्या कारकिर्दीला केवळ वारसा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. मुंडकाराला राहत्या घरातून काढण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९७५ चा आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व आणणारी कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची. भाऊसाहेबांनी जे अर्ध्यावर सोडले होते ते या दोन कायद्यांनी पुढे नेले. भाटकारांनी दुरुस्तीला न्यायालयांत आव्हान दिले आणि अनेक कुळांना प्रत्यक्ष मालकी मिळायला पुढे वर्षानुवर्षे लागली. मामलेदारांच्या कचेऱ्यांत मुंडकारांची प्रकरणे अजूनही पडून आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घराचे असे प्रकरण असेल तर आधी गावच्या तलाठ्याकडून एक-चौदाच्या उताऱ्यावर (महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारख्या गोव्यातील जमिनीच्या उताऱ्यावर) घराची आणि कुळाची नोंद आहे का ते पाहून घ्यावे.

१९७७ ची निवडणूक पक्षाने ताईंच्या नेतृत्वाखाली जिंकली, पण एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षीयांच्या फुटीमुळे सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगो पक्षाच्या वाट्याला सातच जागा आल्या. त्यानंतर मुख्यमंत्री झालेले प्रतापसिंह राणे १९७२ मध्ये मगो पक्षातूनच निवडून आले होते आणि भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते.